दातांवरच्या थरातील वाटचाल

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांवरचे पांढुरके कीट खरवडून भिंगाखाली पाहिले. त्यात वळवळणारे असंख्य जीव त्याला दिसले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते पत्राने कळविले. पण त्या पत्रातील दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. खरवडलेल्या कीटात सिरका मिसळला की ते जीव तत्काळ मरत. तोच सिरका तोंडात धरून खळखळून चूळ भरली, तरी दातांवरच्या थरात ते जिवंत सापडत. सिरका आतवर शिरत नसावा, असे त्याने अनुमान केले. का बरे शिरू नये?

हा थर म्हणजे जीवाणूंची वसाहत होय. चिकट द्रव्यात ते रुतून बसलेले असतात. या द्रव्यात बहुतांशी पाणीच असते, परंतु ते वाहत नाही. तेव्हा आत जे पोचायचे ते विसरणाने, म्हणजे कणाकणाने भरकटत, दाटीकडून विरळ जागेकडे. या क्रियेचा नियम फिक याने १८५५ साली मांडला. तिचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे: अंतर दुप्पट, तर वेळ चौपट! पाण्यात साखरेच्या कणाला मिलिमीटरचा दहावा भाग जाण्यास सुमारे सात सेकंद लागतात, एका मिलिमीटरला बारा मिनिटे, आणि सेंटिमीटरला जवळजवळ दिवस. थरात याहूनही अधिक.

तरीही पातळ थरात काही सेकंदांत सारे तळाशी पोचावे, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. पण खरी अडचण वाटेतल्या खर्चाची आहे. गल्लीच्या तोंडाच्या घरांनी हंडे भरून घेतले की शेवटच्या घराचा नळ कोरडा पडतो, हे आम्ही आपणांस सांगायला नको! प्राणवायूचे तसेच होते. वरचे जीवाणू तो वापरून टाकतात. दाट थरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच तो संपू शकतो. म्हणून तोंडात हवा खेळती असूनही तळाशी प्राणवायू न सोसणारे जीवाणू सुखाने नांदतात. सिरक्याचे आम्लही वाटेतल्या द्रव्यांशी संयोग पावून खर्ची पडते, आणि चूळ तर आपण लगेच थुंकतो.

साखर मात्र भरपूर असली म्हणजे तळापर्यंत जाते. तेथे, दाताला अगदी लागून, जीवाणू तिचे आम्ल करतात. हे आम्ल सरळ बाहेर येत नाही. थरातील द्रव्यांना चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत लाळेपर्यंत येते. स्टीफनने १९४० च्या दशकात मोजून दाखविले की साखरेनंतर थरातील आम्लता काही मिनिटांतच वाढते, पण उतरायला अर्धा तास, कधी अधिकही लागतो. तेवढा वेळ दाताचे कवच झिजते. मुलाने पेढा एकदम खाल्ला तर ही फेरी एकदाच होते. तोच तासातासाने कुरतडला, तर प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते.