पंजाबचा गहू आणि मुंबईचे पंचवीस रुपये

राज्याची आर्थिक पाहणी हाती आली की बहुतेक लोक आधी विकासदर पाहतात, मग कर्जाचा आकडा. मी कित्येक वर्षे आधी राज्य उत्पन्नाच्या तक्त्यातली एकच ओळ शोधत आलो आहे : ‘व्यापार, दुरुस्ती, हॉटेले व उपाहारगृहे’. शेतातले पीक मोजता येते, कारखान्यातून बाहेर पडलेला माल मोजता येतो. घाऊक व्यापारी किंवा कोपऱ्यावरचा किराणावाला मात्र नवी वस्तू घडवत नाही. मग त्याचे उत्पादन म्हणजे नेमके काय, आणि ते कोणत्या प्रदेशाच्या खात्यावर मांडायचे? या प्रश्नाचा माग काढत मागे जाताना 1880 सालच्या एका भांडणापाशी पोहोचलो. या लेखाचा मोठा भाग त्या भांडणाचाच आहे, कारण आजचे सगळे पेच तिथे आधीच मांडून ठेवलेले आहेत.

भांडणाची एक बाजू सर्वांच्या परिचयाची : दादाभाई नौरोजी. 1876 साली त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला आणि 1867-68 सालासाठी दरडोई उत्पन्न अवघे वीस रुपये असल्याचे दाखवले. पुढे त्यांनी एकच प्रांत घेऊन जास्त बारकाईने हिशेब करायचे ठरवले. प्रांत पंजाब, साल 1876-77. कोणत्या जिल्ह्यात कोणते पीक किती एकरांत, एकरी उतारा किती, बाजारभाव काय, हे सरकारच्याच अहवालांतून घेऊन त्यांनी पिकामागून पीक मांडले. सरकारी सरासरीतली एक ढोबळ चूकही त्यांनी दाखवून दिली होती. लहानमोठ्या सर्व जिल्ह्यांचे भाव नुसते एकत्र करून जिल्ह्यांच्या संख्येने भागले, की थोडे पिकवणारा जिल्हा भरपूर पिकवणाऱ्या जिल्ह्याइतकाच वजनदार ठरतो आणि सरासरी बिघडते. भार लावून सरासरी काढा, हा त्यांचा आग्रह एल्फिन्स्टनमधल्या गणिताच्या प्राध्यापकाला शोभणाराच होता. हिशेबाचे उत्तर पुन्हा माणशी सुमारे वीस रुपये आले. साध्या मजुराला वर्षभर नुसते जगायला लागणारा खर्च त्यांनी काढला होता चौतीस रुपये.

दुसरी बाजू जवळजवळ विसरली गेली आहे. डॅनव्हर्स हे लंडनच्या इंडिया ऑफिसमधले अधिकारी. दादाभाईंचा पंजाबचा हिशेब सरकारपुढे आला तेव्हा उत्तराचे काम त्यांच्याकडे गेले. 4 जानेवारी 1879 आणि 28 जून 1880 या तारखांच्या त्यांच्या टिपणांचा दादाभाईंनी मुद्द्यागणिक समाचार घेतला आणि तो मजकूर 1901 सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात समाविष्ट केला. त्या ग्रंथातले संपत्तीच्या निःसारणाचे प्रकरण सगळे उद्धृत करतात. ही पाने क्वचितच कोणी उघडतो.

डॅनव्हर्स यांचा आक्षेप सरळ होता. तुम्ही फक्त जमिनीतून आणि कारखान्यातून निघालेला माल धरलात. रेल्वेची कमाई, व्यापाराचा नफा, घरभाडे, सरकारी रोख्यांवरचे व्याज, पगार, पेन्शन हे कुठे गेले? माल एका जागेहून दुसऱ्या जागी गेला की त्याची किंमत वाढते. ती वाढ देशाच्या उत्पन्नात धरायला हवी.

दादाभाईंनी उत्तरादाखल एक उदाहरण घेतले. पंजाबात शंभर मण गहू आहे, मालकाला तो शंभर रुपयांना पडला. तोच गहू मुंबईला आला की त्याचे सव्वाशे रुपये होतात. तर नुसत्या प्रवासाने देशाच्या संपत्तीत पंचवीस रुपयांची भर पडली काय? त्यांच्या मते मुळीच नाही. ते पंचवीस रुपये मुंबईत आधीच होते. गिऱ्हाइकाच्या खिशातून निघून ते रेल्वे, हमाल आणि व्यापारी यांच्यात वाटले गेले, गव्हाचा दाणाही वाढला नाही. नुसत्या वाहतुकीने संपत्ती वाढत असती तर माल वर्षभर देशभर फिरवत ठेवूनच हिंदुस्थान श्रीमंत झाला असता, असा त्यांचा रोख होता.

हे लिहिणारे गृहस्थ स्वतः व्यापारी होते, हे इथे लक्षात घ्यावे. 1855 साली ते कामा कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेले आणि 1859 साली स्वतःच्या नावाची कापसाच्या व्यापाराची पेढी त्यांनी काढली. नफा कसा पडतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच त्यांचे मत मी अज्ञानाच्या खात्यावर टाकत नाही.

आजच्या हिशेबशास्त्राने पाहिले तर निकाल विभागून द्यावा लागतो. रोख्यांवरचे व्याज आणि पेन्शन यांबाबत दादाभाई बरोबर होते. सरकार ते पैसे करातूनच देते. ही एका हातून दुसऱ्या हाती गेलेली रक्कम, तिला नवे उत्पादन मानत नाहीत. व्यापाराबाबत मात्र ते चुकले. पंजाबातला गहू मुंबईकराच्या पोटात जात नाही. तो मुंबईत आणून देणे ही सेवा आहे आणि गिऱ्हाईक तिचे मोल मोजते. म्हणून आज व्यापाऱ्याचे उत्पादन म्हणजे त्याची उलाढाल नव्हे, तर खरेदी आणि विक्री यांतला फरक. त्यातून भाडे, बारदान, वीज आणि इतरांना दिलेली गाडीभाड्यासारखी रक्कम वजा केली की उरते ते मूल्यवर्धन. तत्त्वात डॅनव्हर्स जिंकले.

पण डॅनव्हर्स यांनी मोजले काय? दादाभाईंनी वगळलेल्या बाबी त्यांनी सांगितल्या, पंजाबातल्या व्यापाराचा नफा जिल्हावार मांडून दाखवला नाही. दोनच वर्षांनी सरकारने जो आकडा पुढे केला त्यातही तीच उणीव होती. 1882 साली वित्त सदस्य एव्हलिन बेअरिंग, म्हणजे पुढचे लॉर्ड क्रोमर, आणि डेव्हिड बार्बर यांच्या टिपणात शेतीचे उत्पन्न 350 कोटी रुपये धरले, आणि शेतीबाहेरचे सगळे त्याच्या निम्मे, म्हणजे 175 कोटी. बेरीज 525 कोटी, दरडोई सत्तावीस रुपये. निम्मे का, तिसरा हिस्सा का नाही, याला मोजणीचा आधार नव्हता. दादाभाई त्या हिशेबाचा तपशील वारंवार मागत राहिले. एका पक्षाने व्यापार शून्य धरला, दुसऱ्याने अंदाजाने भरला, मोजला दोघांपैकी कोणीच नाही.

व्यापार मोजायचा तर मालाच्या मागोमाग बाजारात उतरावे लागते. तसे काम पुण्यात झाले. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली, ती गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1933 साली प्रसिद्ध केली. पुढे 1949 साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर धनंजयरावही होते. समितीच्या पहिल्या अहवालाने 1948-49 सालचे राष्ट्रीय उत्पन्न 8,710 कोटी रुपये काढले. त्यात व्यापार होता. पण व्यापारात गुंतलेली माणसे मोजून त्यांना दरमाणशी सरासरी उत्पन्नाने गुणण्याची रीत वापरावी लागली. देशभराची दुकाने प्रत्यक्ष मोजायला साधनेच नव्हती.

नमुना पाहण्या, कंपन्यांचे ताळेबंद, विक्रीकर आणि नंतर जीएसटी असा पुढचा प्रवास वाचकांना माहीत आहे. तरी प्रदेशाचा प्रश्न उरतोच. शेतीचे आकडे गावापासून वर चढतात. व्यापाराच्या आकड्याचा मोठा भाग वरून खाली वाटला जातो. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. एकाच नोंदणीखाली ठाण्यातले गोदाम आणि नांदेडमधले दुकान असू शकते, त्यामुळे जिल्हा त्यात वेगळा दिसत नाही. भिवंडीच्या गोदामातून निघालेला मोबाइल गडचिरोलीत विकला गेला, तर मधला नफा कोणत्या जिल्ह्याचा? पंजाब आणि मुंबई यांच्यातल्या पंचवीस रुपयांचाच हा प्रश्न आहे.

दादाभाईंच्या आग्रहातले सत्त्व मला इथे दिसते. नफा कोणाच्या खिशातून निघाला आणि कोणाच्या खिशात गेला, हे विचारल्याशिवाय आकडा अपुरा राहतो. महाराष्ट्रात 2016 साली फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. राज्य उत्पन्नाच्या लेखी अडत्याचे उत्पादन दोन्ही वेळा तेवढेच. शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र फरक पडतो. जिल्ह्याचा व्यापार वाढला एवढे सांगून भागत नाही.

सुधारणेची वाट आता खुली आहे. असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी नियमित झाली असून जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला आहे. बाजार समित्यांकडे रोजची आवक आणि भाव नोंदलेले असतात. उणीव आहे ती मधल्या दुव्याची : शेतकऱ्याची पट्टी, घाऊक विक्री आणि किरकोळ भाव एकाच मालासाठी एकत्र मांडण्याची. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने आपल्या भागातले एक पीक घेऊन, कांदा असो, संत्रे असो वा हळद, वर्षभर हे काम करावे आणि आकडे जिल्हा सांख्यिकी कार्यालयाला द्यावेत. पुण्याच्या फळबाजारात हे नव्वद वर्षांपूर्वी झाले आहे. आज ते न करण्याला कोणतेही कारण उरलेले नाही.