ऑपरेशन पुण्यात, पथ्य बीडमध्ये

७ डिसेंबर २०१८. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. व्यासपीठावर उभे असतानाच नितीन गडकरींना भोवळ आली आणि राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी त्यांना सावरलं. साखर कमी झाल्यामुळे त्रास झाला, आता बरं आहे, असं गडकरींनीच नंतर ट्वीट करून कळवलं. सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत त्यांच्यावर बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायची, शस्त्रक्रिया झाली होती. पुढे २०२२ साली उज्जैनच्या एका कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं की पूर्वी वजन १३५ किलो होतं, आता ९३ आहे.

राहुरीच्या भोवळीचा संबंध सात वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेशी जोडायला काही आधार नाही आणि मी तो जोडतही नाही. पण टाळ्या पडतात त्या १३५ आणि ९३ या आकड्यांना. साखर, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, जेवणाच्या वेळा हे सगळं त्यानंतरही रोजच्या रोज सांभाळावं लागतं, त्याची बातमी होत नाही. गडकरींच्या भोवती डॉक्टर असतात. बीड जिल्ह्यातल्या केज किंवा वडवणी तालुक्यातल्या गावात राहणाऱ्या बाईच्या भोवती असते आशाताई, गावातला एक डॉक्टर आणि मेडिकलवाला.

बीडमधून 'जाडी कमी करायचं ऑपरेशन' करायचं तर माणूस बहुधा पुणे, मुंबई नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतो. तीन-चार दिवसांत डिस्चार्ज मिळतो. ऑपरेशनचं कौशल्य शहरात राहतं आणि पुढची वीस-तीस वर्षं गावात येतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की खरी अडचण या दुसऱ्या भागात आहे आणि तिच्यावर आपण फार कमी बोलतो.

आधी आत नेमकं काय बदलतं ते पाहू. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, केळ्यासारखी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरतं, पण खरा बदल संप्रेरकांचा आहे. भूक वाढवणारं घ्रेलिन, विशेषतः स्लीव्हनंतर, घटतं आणि साखर आवरणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. म्हणून वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत शुगर खाली येऊ लागते. घरचे लोक याला चमत्कार म्हणतात आणि पहिली चूक इथंच होते. गोळ्या जुन्याच मापाने चालू राहतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्वीच्या डोसने घेतली आणि खाणं चार घासांवर आलं, तर शुगर धोकादायक रीतीने पडते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. गावाकडे याला 'अशक्तपणा' म्हणून दाबून टाकतात.

मधुमेह परत येतो का? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार माघारी गेलेला दिसला. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. वजनातली सरासरी घटही दोन वर्षांनी २३ टक्के होती, दहा वर्षांनी १६. म्हणजे फायदा टिकतो, पण झिजतो. 'शुगर गेली' असं कुणी म्हणालं की मी मनात 'सध्या' हा शब्द जोडतो.

भारतीयांच्या बाबतीत काटा आणखी फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. आपल्याकडे कमी वजनातच शुगर गाठते, म्हणून शस्त्रक्रियेचे निकषही आशियाई लोकांसाठी खाली आणले आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. आरोग्य विम्याच्या २०१९ च्या नियमांत मात्र ही शस्त्रक्रिया बसायला बीएमआय ४० लागतो, किंवा गंभीर आजारासह ३५. आणि विमा मिळाला तरी तो ऑपरेशनचा. आयुष्यभर घ्यायच्या कॅल्शियम, लोह, बी-१२ चा खर्च आपलाच.

बी-१२ वर जरा थांबायला हवं. याज्ञिकांच्याच गटाने पुणे आणि परिसरातल्या पुरुषांत केलेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांत हे जीवनसत्त्व कमी आढळलं होतं, तेही कुठलंच ऑपरेशन न होता. आता बीडचा माळकरी घ्या. नारायणगडाला, गहिनीनाथगडाला जाणारा, अंडंही न खाणारा. त्याला वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे, जी स्वतःच बी-१२ कमी करते. त्यावर जठराचा मोठा भाग काढला, म्हणजे हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटकच घटला. तिन्ही गोष्टी एकाच अंगावर आल्या की तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं. डॉक्टर म्हणतो, शुगरमुळे नसा खराब झाल्यात. असतीलही, पण ७०० रुपयांची असो की हजाराची, बी-१२ ची तपासणी आधी करा. हे इंजेक्शनने भरून निघतं. उशीर झाला तर नसांचं नुकसान पुरतं भरत नाही.

ताटाचं सांगतो. एक लहान वाटी, फार तर दीड. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. माळकऱ्याने दूध, दही, पनीर, मूग-मटकी आणि सोयावडीवर भर द्यायचा. बीड हा सोयाबीन पिकवणारा जिल्हा, पण आपलं सोयाबीन आडतीवर जातं आणि घरात क्वचितच शिजतं, याची मला नेहमी गंमत वाटते. पहिल्या काही आठवड्यांत बाजरीची कडक भाकरी घशाखाली अडकल्यासारखी होते. ती पातळ वरणात कुस्करून, वीस-तीस मिनिटं घेऊन, नीट चावून खायची. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. हे ऐकायला सोपं आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली मावशी 'अगं एवढ्यानं काय हुतंय, वाढा हिला' म्हणून बुंदीचा वाडगा पालथा करते, तेव्हा कळतं. वर 'लई वाळलीस गं, काय दुखणं लागलं का?' हा प्रश्न ठरलेला. वजन घटलं म्हणजे आजार, अशी आपली समजूत.

गोडाचं पथ्य बायपासवाल्यांना शरीरच शिकवतं. साखर पटकन आतड्यात उतरली की तिकडे पाणी ओढलं जातं. अर्ध्या तासात पोटात मुरडा, घाम, छाती धडधड. दुसरा प्रकार दीड-दोन तासांनी येतो: इन्शुलिन जास्त सुटतं आणि शुगर घसरते. भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ आपल्या अभिमानाचं खरं, पण बालाघाटाच्या त्या गरात साखर भरपूर असते. दोन-तीन चमचे, तेही जेवणानंतर. चक्कर आली की साखर वाढली की कमी झाली याचा अंदाज बांधू नये. घरात ग्लुकोमीटर हवाच.

मग पाणी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, शेतातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो. लहान झालेल्या पोटात तो मावत नाही. दिवसभर घोट-घोट करून दीड-दोन लिटर जायला हवं, आणि ते जात नाही. त्यात रक्तदाबासाठी जास्त लघवी करवणारी गोळी जुन्या डोसने चालू असेल, तर उभं राहताच भोवळ येते, मूत्रपिंडावर ताण येतो. बायपासनंतर मुतखड्याचा धोकाही वाढतो. वजन उतरायला लागलं की बीपीच्या गोळ्यांचा हिशोब डॉक्टरांकडून नव्याने करून घ्यायचा, तो उन्हाळ्याच्या आधी.

गोळ्यांचं वेळापत्रक हा स्वतंत्र व्याप आहे. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, आणि एकमेकांपासून दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा घेतला तर गोळी बरीचशी वाया. पाकिटावर एसआर किंवा एक्सआर लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पुरत्या शोषल्या जात नाहीत, बदलून मागाव्या लागतात. आणि रक्तात लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो.

सर्वात जास्त भीती मला मेडिकलच्या काउंटरची वाटते. गुडघा दुखतोय म्हटलं की डायक्लोफिनॅकचं पाकीट समोर येतं, चिठ्ठीची गरज नाही. वजनदार माणसाचे गुडघे आधीच झिजलेले, त्यामुळे ही मागणी होणारच. पण बायपासमध्ये जठराची पिशवी आतड्याला जोडतात त्या जागी या गोळ्यांनी अल्सर होतो, रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालतं. सांधेदुखीच्या नावाखाली मिळणारी बिनलेबलची पुडी तर घेऊच नये; अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. स्टेरॉइड भूक वाढवतं, शुगर वाढवतं, वजन परत आणतं. मग दोष येतो रुग्णावर, 'तिनं पथ्य पाळलं नाही' म्हणून. वजन परत चढण्यामागे फरसाण आणि चहा-बिस्किटं असतात हे खरं, पण इन्शुलिन, काही मानसिक आजारांवरची औषधं आणि दम्यासाठी पोटात घ्यायचं स्टेरॉइडही असतं. आजार जुना असेल तर आधी औषधांची यादी तपासायची, मग माणसाला बोल लावायचा.

ऑपरेशन करून मोकळं व्हायची सवय या जिल्ह्याला महागात पडलेली आहे. २०१९ मध्ये आरोग्य खात्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर त्यांच्या हाडांचं, रक्ताचं काय झालं, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढलेली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात; बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरही हाडांची घनता घटते. अशा बाईचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं, तर आधीचं ऑपरेशन सर्जनला सांगायलाच हवं. तरुण मुलींचं वेगळं: वजन उतरलं की पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारामुळे थांबलेली पाळी सुरू होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. हे सासूला कुणी समजावून सांगायचं, हा प्रश्न आहेच.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. वजन परत चढलेल्यांना त्यांचा उपयोग होतो, पण इंजेक्शन थांबवलं की भूक परतते, आणि आधीच वाटीभर खाणाऱ्याचं खाणं आणखी घटलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. प्रथिनांचा हिशोब लावल्याशिवाय सुरू करू नये.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, बीडच्या जिल्हा रुग्णालयात बॅरिएट्रिक सर्जन नसला तरी चालेल. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी करून गोळ्या जुळवून देणारा एक वार ठरवला, तरी पुण्याच्या बऱ्याच फेऱ्या वाचतील. तोवर रुग्णाने एक कागद पाकिटात ठेवावा. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, आणि खाली दोन ओळी, गावातल्या डॉक्टरसाठी. पहिली: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये. दुसरी उलट्यांसाठी आहे, कारण उलट्या थांबेनात की आपल्याकडे लगेच ग्लुकोजची सलाईन लागते, आणि ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून लिहायचं: ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं.