घरातील इंटरनेट आणि जाहिरातींचा बंदोबस्त

घरात वायफाय असणे ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे व परीक्षांचे अर्ज, वीजबिल, बँकेचे व्यवहार, टीव्हीवरील कार्यक्रम अशी कितीतरी कामे कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटर नावाच्या लहानशा पेटीवर चालतात. या पेटीतून हवे ते येते, तसेच न मागितलेलेही येते. न मागितलेल्यात मोठा वाटा जाहिरातींचा असतो. प्रत्येक मोबाइलवर वेगळी खटपट न करता राउटरमध्येच एक बदल करून सबंध घरापुरता त्यांचा बंदोबस्त करता येतो. ही माहिती समाजबांधवांना, विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. त्यामुळे विषय शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडला आहे.

जाहिराती का रोखाव्यात?

जाहिरात ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. आपल्याकडील स्मरणिका हितचिंतकांच्या जाहिरातींवरच निघतात. परंतु छापील जाहिरात आपल्या जागी स्वस्थ असते. ती कोणी वाचली, किती वेळ वाचली, हे तिला कळत नाही. संकेतस्थळांवरील जाहिरातींची सुरुवातही साधीच होती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची आडवी पट्टी झळकली. ती या प्रकारच्या अगदी पहिल्या जाहिरातींपैकी एक मानली जाते. आज मात्र आपण काय शोधले, कोणते पान पाहिले, कुठे थांबलो, याची नोंद जाहिरात कंपन्यांकडे जात असते आणि त्यावरून पुढची जाहिरात ठरते.

दुसरा धोका पैशाचा आहे. 'पाच मिनिटांत कर्ज', 'घरबसल्या रोजची कमाई', बँकेच्या नावाखाली दिलेला बनावट ग्राहक सेवा क्रमांक, हे प्रकार काउंटरवर बसणाऱ्या माणसाला नवीन नाहीत. अशा जाळ्यात सापडतो तो बहुधा नडलेला माणूस. ज्याला फी भरायची आहे किंवा नोकरी हवी आहे, त्याच्याच समोर ती जाहिरात येते. तिसरे नुकसान अभ्यासाचे. धडा वाचताना मधूनमधून हलणारी चित्रे आली की मन विचलित होते आणि ते पुन्हा ठिकाणावर येण्यास वेळ लागतो.

हे काम चालते कसे?

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. पूर्वी नावे व आकडे यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती पुरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था आखून दिली. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरीच होय.

आपण एखाद्या वृत्तपत्राचे पान उघडतो तेव्हा बातमी त्या वृत्तपत्राच्या पत्त्यावरून येते, पण जाहिराती निरनिराळ्या कंपन्यांच्या पत्त्यांवरून येतात. त्या प्रत्येक पत्त्यासाठी आपला मोबाइल डिरेक्टरीला विचारतो. त्या डिरेक्टरीने जाहिरात कंपन्यांचे पत्ते देण्यास नकार दिला, तर जाहिरात घरात येतच नाही. त्यामुळे डेटाही वाचतो व पानही लवकर उघडते. कोणत्या डिरेक्टरीला विचारायचे, हे घरातील सर्व उपकरणांना राउटर सांगतो. म्हणून बदल एकाच ठिकाणी केला की पुरते.

पहिली पद्धत : बिनखर्चाची

जाहिराती गाळून देणाऱ्या डीएनएस सेवा मोफत उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, 'अ‍ॅडगार्ड डीएनएस' या सेवेचे दोन पत्ते ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ असे आहेत. कृती पुढीलप्रमाणे :

१) घरच्या वायफायला जोडलेल्या मोबाइल वा संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाइप करावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो व पेटीखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. सर्व आकडे इंग्रजीत टाइप करावेत.

२) त्याच चिठ्ठीवरील नाव व पासवर्ड वापरून आत जावे. हा मूळ पासवर्ड लगेच बदलून वहीत लिहून ठेवावा.

३) 'डीएचसीपी' किंवा 'इंटरनेट' या सदराखाली डीएनएसचे दोन रकाने असतात. त्यांतील जुने आकडे आधी उतरवून घ्यावेत, म्हणजे गरज पडल्यास पूर्ववत करता येईल. मग नवे पत्ते भरून 'सेव्ह' करावे.

४) आयपीव्ही सहा या नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी वेगळे रकाने असल्यास तेथेही त्याच सेवेचे पत्ते भरावेत. ते सेवेच्या संकेतस्थळावर मिळतात. हे राहून गेले तर जाहिराती त्या वाटेने येत राहतात.

५) राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे रकाने बदलता येत नाहीत. तेथे प्रत्येक मोबाइलवर वेगळा बदल करावा लागतो. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढील मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय असतो. बाहेर मोबाइल डेटा वापरतानाही तोच कामी येतो, कारण घरचा राउटर घरापुरताच असतो.

दुसरी पद्धत : घरची यादी

थोडा खर्च व खटपट करण्याची तयारी असेल, तर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर 'पाय-होल' ही मोफत प्रणाली बसवता येते. राउटरच्या रकान्यात मग या लहान संगणकाचा पत्ता भरायचा. काय रोखायचे व काय सोडायचे ही यादी आपल्या हाती राहते. संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना डीएनएस प्रत्यक्ष समजून घेण्यास ही उत्तम संधी आहे. एखाद्या अभ्यासिकेतही ही व्यवस्था चांगली चालेल.

मर्यादा

हा उपाय रामबाण नव्हे. यूट्यूब, फेसबुक यांच्या जाहिराती त्यांच्या स्वतःच्याच पत्त्यांवरून येतात, म्हणून त्या रोखता येत नाहीत. काही ब्राउझर राउटरला न विचारता आपली वेगळी डिरेक्टरी वापरतात. त्यांच्या सेटिंगमधील 'सिक्युअर डीएनएस' तपासावे. कधी एखादे उपयुक्त पानही अडकते. अर्जाची शेवटची तारीख जवळ असताना असे झाले, तर मोबाइल डेटावरून काम उरकावे आणि नंतर तो पत्ता यादीतून मोकळा करावा.

फसवा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील खोटा निरोप हा उपाय अडवत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी व बँकेला कळवावे. वेळेवर केलेल्या तक्रारीने रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते.

विश्वासाचा प्रश्न

डिरेक्टरी ज्याच्या हाती, त्याला आपण कोणकोणती संकेतस्थळे उघडतो हे कळते. बाहेरची सेवा घेताना हे जाणूनच घ्यावी. पाय-होलमध्ये तर कोणत्या मोबाइलने कोणता पत्ता मागितला, याची नोंद घरातच राहते. ती वाचून मुलाबाळांवर पाळत ठेवण्याचा मोह होऊ शकतो. तरुण मुलगी आजाराविषयी किंवा मनातील एखाद्या अडचणीविषयी वाचत असेल, तर तो तिचा खाजगी प्रश्न आहे. म्हणून ही व्यवस्था बसवताना घरातील सर्वांना सांगावे आणि नोंद ठेवायची की नाही हे मिळून ठरवावे. नोंद बंद ठेवण्याची सोय त्यात आहे.

जी वृत्तपत्रे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात व आपण रोज वाचतो, त्यांना यादीतून सूट द्यावी किंवा त्यांची वर्गणी भरावी, हेही न्यायाचे होईल.

आपल्या घरात काय यावे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. तो बजावण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन आधी आपल्या घरी व मग शेजारच्या आजी-आजोबांच्या घरी हे काम करून द्यावे. एका सुटीच्या दिवसाचे ते काम आहे.