आजीचा नंबर त्याला कुणी दिला?

दर नोव्हेंबरात आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं, आजीचा हयातीचा दाखला. आजोबा रेल्वेत होते, बडोद्याच्या प्रतापनगर कचेरीतून निवृत्त झाले. ते गेल्यापासून आजीला कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यासाठी ती हयात असल्याचं वर्षातून एकदा कळवावं लागतं. पूर्वी बाबा तिला स्कूटरवर बसवून बँकेत नेत. आता हे काम मोबाईलवर होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं आहे.

तुमच्या घरीही असंच असेल. काकांचं तिकीट, आईचं विजेचं बिल, आजोबांच्या आधारवरचा पत्ता, सगळ्यांचे फॉर्म भरणारं घरात एकच माणूस असतं, आणि ते बहुतेक वेळा आपल्या वयाचं असतं. आपल्याला त्याचा थोडा अभिमानही असतो. मलाही होता.

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातून निघता निघता मी फोनवर 'हयातीचा दाखला ऑनलाइन' असं शोधलं. सगळ्यात वर आलेली साइट उघडली. वर तिरंगी पट्टी, बाजूला अशोकस्तंभ. आजीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाईल, बँकेचं नाव आणि पीपीओ क्रमांक भरला. पुढच्या पानावर 'सेवा शुल्क' मागितलं, तेव्हा शंका आली आणि मी ते पान बंद केलं. पैसे दिले नाहीत, म्हणजे काही गेलं नाही, असं मानून विसरूनही गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आजीला फोन आला. माणूस गुजरातीत अगदी अदबीनं बोलत होता, तिला 'बा' म्हणत होता. त्यानं तिचं पूर्ण नाव सांगितलं, बँक सांगितली, पीपीओ क्रमांक एकेक आकडा करून वाचून दाखवला. "दाखला अर्धवट राहिलाय, पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद होईल. आत्ता फोनवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा." आकडे खरंच आले होते. आजी म्हणाली, "हे सगळं माझी नात बघते. ती संध्याकाळी येईल, तिलाच विचारा," आणि तिनं फोन ठेवला.

पैसे वाचले. पण संध्याकाळी तिनं मला विचारलं, "अगं, तो नंबर मलासुद्धा पाठ नाही. त्याला कुणी दिला?"

तो त्याच साइटवरून गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या सगळ्या गोष्टी एकत्र मी दुसरीकडे कुठेही भरल्या नव्हत्या. म्हातारी माणसं भोळी असतात, फसतात, असं आपण म्हणतो. आमच्या घरात मात्र भोकं मी पाडलं होतं आणि ते आजीनं बुजवलं.

चूक कुठे झाली

पहिली चूक, शोधून सापडलेली पहिली साइट खरी मानली. शोधाच्या निकालात वरच्या काही जागा पैसे देऊन घेतलेल्या जाहिरातींच्या असू शकतात. तिथे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण घाईत ते कोण वाचतं?

दुसरी चूक, पत्ता नीट वाचला नाही. साइटचा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत पाहायचा आणि तिथून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचायचा. हयातीच्या दाखल्याची खरी साइट 'जीवनप्रमाण डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. 'जीओव्ही' हा शब्द पत्त्यात मध्येच कुठेतरी असून उपयोग नाही, शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असाच हवा. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवून दिला आहे.

तिसरी चूक, कुलपाच्या चिन्हावर विसंबले. ते चिन्ह इतकंच सांगतं की तुमच्या आणि साइटच्या मधल्या वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की लुटारू, हे ते सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरला की क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूपच काढून तिथे दुसरं चिन्ह आणलं.

आणि त्या जाहिराती?

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर पेन्शनवरचं कर्ज, गुडघेदुखीचं तेल, कानाची यंत्रं अशा जाहिराती सुरू झाल्या. ही चोरी नव्हे, हा माग काढणं आहे, आणि तो रोज निघतो.

त्याच्या मुळाशी 'कुकी' असते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती तयार केली, ती साइटला येणारा माणूस ओळखता यावा म्हणून, म्हणजे दुकानाच्या साइटवर टोपलीत टाकलेली वस्तू पान बदललं तरी टोपलीतच राहावी. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो साइटवर आपापल्या कुकी ठेवल्या आणि एकच माणूस कुठे कुठे फिरतो हे जुळवायला सुरुवात केली. फायरफॉक्स २०१९ पासून असे ओळखीचे माग काढणारे आपणहून अडवतो, सफारी २०२० पासून सगळ्या परक्या कुकी अडवतो. क्रोममध्ये ते सेटिंगमध्ये जाऊन आपण करावं लागतं. दोन मिनिटांचं काम आहे.

'मी तर इन्कॉग्निटो वापरते' असं कुणी म्हणेल. त्यात फक्त आपल्या फोनवर किंवा संगणकावर इतिहास उरत नाही. इंटरनेट देणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती साइट, या सगळ्यांना तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ मध्ये अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीनं मान्य केलं. घरातला एकच संगणक चौघं वापरत असतील, तर मात्र दुसऱ्याचं खातं उघडायला ही सोय चांगली. खिडकी बंद केली की खातं उघडं राहत नाही.

आमच्या घराचे नियम

त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून काही गोष्टी ठरवल्या.

बँक आणि सरकारी साइट शोधायची नाही. पत्ता एकदा खात्री करून जपून ठेवायचा आणि तिथूनच उघडायचा.

फॉर्ममध्ये जेवढं लागतं तेवढंच भरायचं. सवलतीच्या कूपनासाठी जन्मतारीख कशाला?

आधारची प्रत द्यावी लागली, तर जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी द्यायची. ती आधारच्याच साइटवर मिळते. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेले आधार-पॅनचे फोटो आम्ही त्याच रात्री पुसले, अकरा निघाले.

प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा, आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे पत्ता खोटा असेल तर तो पासवर्ड आपोआप भरत नाही. तो गप्प बसला की आपणही थांबायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याचा फॉर्म भरताना तो माणूस शेजारी हवा. आपण काय दिलं आणि कुठे दिलं, हे त्याला कळलं पाहिजे. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, ओळखीच्या आवाजालाही नाही.

काही झालंच तर

आम्ही दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सगळं सांगितलं. तो फोन नंबर 'संचार साथी' या सरकारी साइटवरच्या 'चक्षु' सोयीत नोंदवला. खऱ्या साइटवरून दाखला केला आणि मग आजीच्या आधारचे ठसे, डोळे, चेहरा लॉक केले. पुढच्या दाखल्याच्या वेळी ते आधी उघडावे लागतात, हे लक्षात ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्यासाठी न्यायालयात गेले होते निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी, आणि तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. पण जी माहिती दिलीच नाही, ती पुसायला सांगावी लागत नाही.

आता आजीचं कुठलंही काम असलं की ती चष्मा लावून माझ्या शेजारी येऊन बसते. बोट ठेवून पत्ता मोठ्यानं वाचते. "जीओव्ही, डॉट, इन. बरोबर ना? मग भर आता."