कार्डिंग खात्यातला सोमवार

सकाळी ६. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती मोकळी असते. चढावर सायकल दामटली तरी दम लागत नाही. इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आम्हा बऱ्याच जणांचं असंच आहे.

७. ब्लोरूममध्ये गाठी फुटतात, तिथून रुई माझ्या खात्यात, कार्डिंगला येते. तिच्याबरोबर बोंडाचा आणि पानांचा चुराही येतो. भुवयांवर बसतं ते तूस बरंचसं नाकातच अडकतं. घातक ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. तिच्यातल्या जिवाणूंचं विष श्वासनळ्यांना सूज आणतं.

११. छाती आवळते, कोरडा खोकला सुरू होतो. मंगळवारी त्रास कमी, शनिवारी विसरलेला. म्हणून कुणी मनावर घेत नाही. वर्षं सरतात तसा मंगळवारही सोमवारसारखा होतो, पुढे सगळेच वार. हा बिसिनोसिस. एकदा श्वासनळ्या कायमच्या आकसल्या की सुट्टी घेऊनही भागत नाही.

चहाला आमच्या खात्यातले मामा गुळाचा खडा पुढे करतात. "खा की, धूळ खाली जाते." गूळ जातो पोटात, धूळ बसते फुप्फुसात. मोठ्या माणसाचा हात मागे सारवत नाही, म्हणून खातो. नव्या पोरांना मात्र सांगतो, रुमालावर भागवू नका, एन-९५ मागा. आणि त्याआधी यंत्रावरचं सक्शन चालू आहे का ते बघा.

२. साफसफाई. हवेच्या नळीनं यंत्रं फुंकतात आणि बसलेली धूळ पुन्हा सगळ्यांच्या तोंडावर. ती ओढून घ्यायला हवी, उडवायला नव्हे.

३:३०. मामांना घेऊन दवाखान्यात. एक्स-रे स्वच्छ, म्हणजे बिडीचा दमा, असा निकाल. इथंच घोडं पेंड खातं. बिसिनोसिस एक्स-रेत ओळखू येत नाही. बिडीनं नुकसान वाढतं, कबूल. पण मामा बिडी रोज ओढत होते, मग सुरुवातीला छाती सोमवारीच का धरायची? सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर, स्पायरोमेट्रीच्या नळीत फुंकायला लावा. एका सेकंदात बाहेर पडणारी हवा घटली, तर ती घट कागदावर येते. जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता, ईएसआयच्या व्यवसायजन्य आजारांतही आहे. पण कागदावर दमाच लिहिला तर भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

रात्री ९. आमच्या खात्यातल्या कुणाला कुठल्या वारी त्रास होतो, ते वहीत उतरवतोय. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर मामांच्या एक्स-रेबरोबर ही वहीही ठेवणार आहे.