पत्र्याची जाडी आणि सचोटीचे माप

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ‘सीआर’ पत्र्याचा सौदा टनावर होतो. तो विकत घेणारा कपाटांचा कारखानदार मात्र आपला हिशेब नगांवर मांडतो. या दोन हिशेबांच्या मध्ये उभी असते ती पत्र्याची जाडी. एक मिलिमीटर जाडीच्या एका टन पत्र्यात सुमारे १२७.४ चौरस मीटर क्षेत्र मिळते. जाडी १.०३ मिलिमीटर भरली, तर तेच क्षेत्र १२३.७ चौरस मीटरवर येते. काटा चोख असूनही ग्राहकाच्या पदरात कमी माल पडतो.

या अंतराचे मूळ गिरणीत आहे. तप्त लाटणीतून आलेल्या कॉइलवरील काळी खपली प्रथम आम्लाने काढतात. मग पत्रा न तापवता रुळांमधून दाबून नेतात. त्याची जाडी बहुधा निम्म्याहून कमी होते. या दाबाने पोलाद कठीण बनते. त्याला पुन्हा मऊपणा यावा म्हणून ते प्राणवायूविरहित भट्टीत सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. शेवटी रुळांचा एक हलका हात फिरतो. तो नसेल, तर पत्रा वाकवताना त्यावर रेघा उमटतात.

खरी कसोटी वेगाची असते. लाटताना गिरणीची अवजड चौकटही किंचित ताणली जाते. म्हणून रुळांमधील अंतर एकदा बसवून भागत नाही, स्वयंचलित यंत्रणेला ते क्षणोक्षणी सुधारावे लागते. वेग बदलला की तेलाचा थर बदलतो आणि जाडीही हलते. वेग अति झाला, तर रूळ थरथरतात व पत्र्यावर आडवे पट्टे पडतात. तेल अपुरे पडल्यास ओरखडे येतात. त्याचा मळ राहिल्यास भट्टीत डाग पडतात. म्हणून जाणती गिरणी तेल गाळून स्वच्छ राखते, रूळ वेळेवर बदलते आणि प्रत्येक मालाला सोसेल तोच वेग ठेवते. कॉइलच्या दोन्ही टोकांना जाडी चुकण्याचा संभव अधिक; मोठ्या गिरण्या एका कॉइलचे टोक दुसरीला जोडून सलग लाटतात, त्याचे हेही एक कारण आहे. नाकारलेल्या मालाचे टन उत्पादनात मोजणे ही आत्मवंचना होय.

व्यापाऱ्याचे कर्तव्य येथून सुरू होते. कड नेहमी थोडी पातळ असते. म्हणून मायक्रोमीटर काठापासून किंचित आत आणि मध्यभागीही लावावा. टोकांचा माल वेगळा ठेवावा. पावसाळ्यात कॉइल जमिनीवर टेकवू नये. वेढ्यांत शिरलेला ओलावा आतून गंज धरतो.

जैन आचारशास्त्राने अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ यांची गणना केली आहे. पहिला खोट्या मापाचा दोष, दुसरा हलका माल उत्तम म्हणून खपवण्याचा. दुय्यम प्रतीचा पत्रा अव्वल म्हणून बिलात चढवण्याचा मोह मंदीत प्रबळ होतो. अशा वेळी पत्र्याची खरी जाडी आणि खरी प्रत बिलावर लिहिणारा श्रावक नफ्याचे काही रुपये सोडतो. परंतु पेढीवर बसून त्याचे व्रत अखंड राहते.