आजारी कंपनीचें कवच

घोड, मीना व कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांतून मुंबईस पोट भरावयास जाण्याची चाल फार जुनी आहे. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील कोणी डबेवाले झाले, कोणी माथाडी झाले, तर कोणी लालबाग-परळच्या गिरण्यांत सांच्यांवर उभे राहिले. ओतूर किंवा घोडेगांवच्या टपालकचेरींत येणारी मनिऑर्डर हा कित्येक घरांचा आधार असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि हा ओघ आटला. संपाची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. त्यानंतर कंपन्यांविषयींच्या कायद्यांतील एक सवलत बंद पडत चाललेल्या कारखान्यांत कशी वापरली जाऊं लागली, ही गोष्ट तितकी परिचित नाहीं.

१९८५ सालीं संसदेनें आजारी औद्योगिक कंपन्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्यामागील विचार शहाणपणाचा होता. कारखाना तोट्यांत गेला आणि सर्व धनको एकाच दिवशीं दारांत उभे राहिले, तर यंत्रें मोडीच्या भावानें जातात; पहिल्यानें पोहोंचणाऱ्यास कांहीं मिळतें, शेवटच्यास कांहींच नाहीं, आणि कामगार तर रस्त्यावरच येतो. रोग्याच्या खोलीबाहेर वैद्यानें भेटणाऱ्यांस थोपवावें, तशी ही व्यवस्था होती. साठत गेलेला तोटा भागभांडवल व राखीव निधि यांच्या बेरजेइतका झाला, कीं कंपनी आजारी ठरे. हिशेब पक्के झाल्यापासून साठ दिवसांत संचालकांनीं तें औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळास कळवावयाचें. मंडळ चौकशी करी, आणि जमल्यास पुनरुज्जीवनाची योजना मंजूर करी.

खरी मेख या कायद्याच्या बाविसाव्या कलमांत होती. चौकशी चालू असेपर्यंत मंडळाच्या परवानगीवांचून कंपनी गुंडाळतां येत नसे, तिच्या मालावर जप्ती नेतां येत नसे, पैशांच्या वसुलीचा दावाहि पुढें नेतां येत नसे. महाराष्ट्र ट्यूब्स या कंपनीच्या प्रकरणांत १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं ही मनाई केवळ कोर्टांतील दाव्यांपुरती नसून वित्तीय महामंडळानें स्वतःच्या अधिकारांत चालविलेल्या वसुलीसहि लागू आहे. अर्ज नोंदला गेला म्हणजेच चौकशी सुरू झाली, असें त्याच न्यायालयानें १९९८ सालीं दुसऱ्या एका प्रकरणांत ठरविलें. कायद्याच्या शब्दांचा अर्थ म्हणून हे निर्णय योग्यच होते. पण ज्या संचालकास केवळ वेळ हवा होता, त्याच्या हातीं त्यामुळें पुरें कवच आलें; बरें होण्याची सक्ती मात्र त्यांत नव्हती.

याहून मोठी उणीव अशी, कीं रोग ज्यांच्या हातून जडला, तेच संचालक खुर्चीवर कायम राहात. कच्चा माल नातलगाच्या पेढीकडून चढ्या भावानें घ्यावा, पक्का माल घरच्याच दुसऱ्या कंपनीस स्वस्त द्यावा. तोटा भागीदारांचा, नफा घरचा. असें कांहीं वर्षें चाललें, कीं भांडवल संपे आणि मंडळाचा दरवाजा उघडे. चौकशी साठ दिवसांत पुरी करण्याचा प्रयत्न व्हावा असें कायद्यांत लिहिलें होतें. प्रत्यक्षांत वर्षें जात. एक अर्ज फेटाळला गेला तर पुढील वर्षाचा ताळेबंद घेऊन दुसरा अर्ज होई. पैसा वळविणाऱ्या संचालकास दहा वर्षेंपर्यंत बँकांनीं कर्ज देऊं नये, असा हुकूम काढण्याची सोय मंडळास होती खरी. परंतु त्याचा पुरावा ज्या वह्यांत असावयाचा, त्या वह्या त्याच संचालकाच्या कपाटांत!

मुंबईंत तर १९९१ च्या विकास-नियमांनीं गिरण्यांची जमीन विकण्यास वाट करून दिली. गिरणीपेक्षां तिच्याखालची जमीन महाग झाली, तेव्हां कांहीं मालकांस सूत काढण्यांत गोडी उरली नाहीं. सर्वच मालक लबाड होते असें नव्हे. यंत्रें जुनाट होतीं, आणि भिवंडी-मालेगांवच्या यंत्रमागांशीं स्पर्धा अवघड झाली होती. पण खरा आजारी कोण आणि सोंग कोणाचें, हें बाहेरून ओळखणें कठीण झालें.

हा कायदा रद्द करण्याचा ठराव संसदेनें २००३ सालींच केला. तो अमलांत आला १ डिसेंबर २०१६ रोजीं. त्याच वर्षींच्या नादारी व दिवाळखोरी संहितेनें वसुलीची स्थगिति कायम ठेवली, पण अर्ज दाखल करून घेतला जातांच संचालक मंडळाचे अधिकार काढून ते स्वतंत्र व्यावसायिकाकडे दिले. मुदत १८० दिवसांची, वाढवून २७०. २०१९ च्या दुरुस्तीनें कोर्टकज्जांसह ३३० दिवस. लबाडीनें अर्ज करणाऱ्यास एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड, आणि धनकोंस फसविण्यासाठीं धंदा चालविणाऱ्यांस स्वतःच्या खिशांतून भरपाई. तरीहि एक फट राहिलीच होती: कर्ज बुडविणारा मालक स्वतःचीच कंपनी सवलतीच्या किंमतींत परत घेऊं शके. नोव्हेंबर २०१७ मध्यें कलम २९-अ घालून ती बुजविण्यांत आली.

या संहितेप्रमाणें कंपनी गुंडाळावी लागली, तर कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणदार धनकोंच्या बरोबरीनें बसते. प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटी यांची रक्कम तर वांटपाच्या बाहेरच राहते, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. १९८२ नंतर गिरणी सोडून भातखाचरांकडे परतलेल्यांच्या वेळीं हें कलम नव्हतें.